भिंतीकडेच्या खुर्चीतली नायिका आणि रंगेल उमराव : रीजन्सी प्रणयकथा लिहिताना

लंडनमधल्या एखाद्या मोठ्या घरात, रात्री अकराच्या सुमारास, शेकडो मेणबत्त्यांच्या उष्म्याने दालन तापलेले असताना, नाचणाऱ्या जोड्यांच्या पलीकडे भिंतीला लागून खुर्च्यांची एक रांग दिसते. तिथे कुणाच्या आया, मावश्या, विधवा आत्या बसलेल्या असतात आणि त्यांच्यामध्ये एक उपवर मुलगी बसलेली असते, जिला संध्याकाळपासून कोणीही नाचायला विचारलेले नसते. इंग्रजी ऐतिहासिक प्रणयकथेत हिला वॉलफ्लॉवर म्हणतात. गावभर बदनाम असलेला एखादा रंगेल उमराव, म्हणजे रेक, नेमका तिच्याकडे वळतो, ही या प्रकारातली वाचकांची अतिशय लाडकी मांडणी आहे, आणि ती मराठीत लिहून पाहणाऱ्यांसाठी हे टिपण आहे. माझा आग्रह एकाच गोष्टीचा आहे. या मुलीचा संकोच हा तिच्या शहाणपणाचा भाग आहे, असे धरून लिहायला बसावे. तिच्यापाशी घाबरण्याची सबळ कारणे होती, आणि ती कारणे ठाऊक असलेल्या लेखकालाच त्या उमरावाला तिच्यापर्यंत नीट वाटेने आणता येते.

आधी वर्ष ठरवा

‘रीजन्सी काळ’ एवढे म्हणून भागत नाही. तिसरा जॉर्ज राजा आजाराने राज्यकारभार पाहण्यास असमर्थ ठरल्यामुळे युवराज जॉर्ज रीजंट, म्हणजे राजाच्या वतीने कारभार पाहणारा, झाला तो फेब्रुवारी १८११ मध्ये, आणि जानेवारी १८२० मध्ये राजाच्या मृत्यूबरोबर हा काळ संपला. या नऊ वर्षांत नाच बदलले, कपडे बदलले, नेपोलियनशी चाललेले युद्ध संपले. नायक नायिकेला कमरेभोवती हात घालून वॉल्ट्झमध्ये फिरवणार असेल, तर जुलै १८१६ मध्ये ‘द टाइम्स’ने याच नाचावर अशोभनीय म्हणून कडाडून टीका केली होती, हे लेखकाला ठाऊक हवे. क्वाड्रिल हा चार जोड्यांचा नाच लंडनमध्ये रुळला तो १८१५ च्या सुमारास. नायिकेच्या मनगटाला बांधलेले नाचाचे कार्ड तर बहुतेक नवे लेखक हमखास घालतात, पण ती पद्धत इंग्लंडमध्ये पुढे व्हिक्टोरिया राणीच्या काळात रूढ झाली. माझ्या पहिल्या कथेत मीही ते कार्ड घातले होते आणि त्याच्यावर एक सबंध प्रकरण उभे केले होते. चूक कळल्यावर ते प्रकरण पुन्हा लिहावे लागले, आणि कार्ड गेल्यामुळे ते अधिक चांगले झाले, कारण आता कोणाला कोणता नाच दिला आहे हे नायिकेला लक्षात ठेवावे लागत होते. खुद्द वॉलफ्लॉवर हा शब्द नाचात जोडीदार न मिळालेल्या मुलीसाठी इंग्रजीत छापलेला सापडतो तो १८२० च्या आसपास. त्याआधी तो जुन्या भिंतींच्या फटींत उगवणाऱ्या एका सुगंधी पिवळ्या-केशरी फुलाचे नाव होता. म्हणून १८१३ मधल्या पात्राच्या तोंडी तो टोमणा म्हणून घालू नये.

मी स्वतः या मांडणीसाठी १८१८ चा वसंत निवडेन, आणि पुढची उदाहरणे त्याच वर्षाची देते. युवराजाची एकुलती एक मुलगी शार्लट नोव्हेंबर १८१७ मध्ये बाळंतपणात वारली आणि राजघराण्यात पुढच्या पिढीचा औरस वारस उरला नाही. त्यामुळे वर्षानुवर्षे आपापल्या बिनलग्नाच्या सोबतिणींबरोबर राहणारे मध्यमवयीन राजपुत्र घाईघाईने लग्ने करू लागले. क्लॅरेन्सच्या ड्यूकला डॉरोथिया जॉर्डन या अभिनेत्रीपासून दहा मुले झालेली होती. केंटच्या ड्यूकने सुमारे पंचवीस वर्षांहून अधिक काळची सोबतीण सोडली. दोघांचीही लग्ने त्या उन्हाळ्यात झाली आणि केंटच्या घरी पुढच्याच वर्षी व्हिक्टोरिया जन्मली. रंगेल पुरुष लग्नाला उभा राहतो तेव्हा त्याच्या आधीच्या बाईचे काय होते, हा प्रश्न त्या वसंतात लंडनच्या प्रत्येक दिवाणखान्यात होता. आपल्या नायिकेने तो कानांनी ऐकलेला असणार.

याच वर्षाला आपल्याकडचाही एक खरा धागा आहे. खडकीची लढाई ५ नोव्हेंबर १८१७ ला झाली, पुण्यातील संगमावरची इंग्रज रेसिडेन्सी जळाली, आणि ही बातमी समुद्रमार्गे इंग्लंडला पोहोचायला काही महिने लागले. नायिकेचा भाऊ कंपनीच्या मुंबई सैन्यात असेल, तर लंडनमधल्या नाच-मेजवान्यांच्या हंगामात ती जिवंत माणसाची वाट पाहते आहे की मृताची, हे तिलाच ठाऊक नाही. गप्प बसलेल्या मुलीच्या मौनाला याहून अस्सल कारण मराठी लेखकाला दुसरीकडे शोधावे लागणार नाही. मात्र तिथे मराठी लेखकाने आपल्या बाजूचे मत तिच्या तोंडी घालू नये. तिला पुणे हे फक्त पत्राच्या वरच्या कोपऱ्यातले एक नाव आहे.

ती भिंतीपाशी का बसली आहे

‘ती दिसायला साधी होती’ हे कारण अपुरे आहे, आणि चष्मा काढल्यावर ती सुंदर निघते ही युक्ती तर मला मनापासून नकोशी वाटते, कारण त्यात इतका वेळ तिच्याकडे न पाहणारे सगळे बरोबर ठरतात. त्या काळच्या नियमांतच कारणे भरपूर आहेत. रीतसर ओळख करून दिल्याशिवाय पुरुषाने अनोळखी मुलीला नाचायला विचारणे शिष्टसंमत नव्हते. सार्वजनिक नाचघरात हे काम समारंभप्रमुख करी आणि खासगी घरात यजमानीण. जिची सोबतीण, म्हणजे नाचाला तिची राखण करायला बरोबर आलेली बाई, आळशी किंवा अप्रिय, तिच्या ओळखी होत नसत. मुलीने एका पुरुषाला नकार दिला तर त्याच वेळी दुसऱ्याचा हात धरणे असभ्य मानले जाई, त्यामुळे एका नकोशा माणसाला नाही म्हणणारी मुलगी उरलेली रात्र बसून काढी. आमच्या उदाहरणातल्या नायिकेला आपण हेस्टर फेन म्हणू. पहिल्या हंगामात तिने एका प्रतिष्ठित गृहस्थाला नकार दिला, का दिला ते कोणालाच सांगितले नाही, आणि हा तिचा तिसरा हंगाम आहे. तिच्या संकोचाला आता भूतकाळ आला.

भिंतीकडच्या खुर्चीतून दिसते काय, हे लेखकाने कथा सुरू करण्याआधी दोन पाने भरून लिहून काढावे. ही पाने कादंबरीत येणार नाहीत, तरी लिहावीत. कोणाचे हातमोजे धुऊन धुऊन पिवळे पडले आहेत, कोणते काका पत्त्यांच्या खोलीतून बाहेर येताना अंगरखा चाचपतात, कोणती विवाहिता दर वेळी त्याच खिडकीपाशी जाते, कोणाच्या आईने रात्रभर काही खाल्ले नाही, हे सारे हेस्टरला माहीत आहे. मुखदुर्बळ माणूस बोलत नाही म्हणून त्याच्या डोक्यात शांतता असते असे नाही. निवेदन तिच्या बाजूने असेल तर तिचे विचार भरभरून, नेमके आणि थोडे कठोरसुद्धा येऊ द्यावेत. ती लाजते, ओठ चावते, मान खाली घालते अशा क्रियापदांवर तिला जगवू नये. लाजणे प्रकरणात एकदा पुरे.

रेक म्हणजे नक्की कोण

रेक हा शब्द रेकहेल या जुन्या शब्दाचे लघुरूप आहे, आणि हा नमुना इंग्रजांच्या मनात ठसला तो दुसऱ्या चार्ल्सच्या दरबारात. विल्यम होगार्थने १७३० च्या दशकात याच नमुन्यावर आठ चित्रांची एक मालिका काढली. तीत बापाची संपत्ती उधळणारा तरुण कर्जदारांच्या तुरुंगातून अखेर वेड्यांच्या इस्पितळात पोहोचतो, आणि त्याने फसवलेली मुलगी पहिल्या चित्रात असते तशी शेवटच्यातही हजर असते. तिच्याकडे बघून मगच नायक लिहायला घ्यावा. सुधारलेला रेक हाच उत्तम नवरा, ही म्हण तेव्हाही प्रचलित होती, आणि सॅम्युअल रिचर्डसनने १७४८ मध्ये पूर्ण झालेल्या ‘क्लॅरिसा’ या कादंबरीच्या प्रस्तावनेत तिला घातक समजूत म्हटले होते. आपली मांडणी नेमकी त्याच समजुतीवर उभी आहे. म्हणून ती सिद्ध करण्याचा भार लेखकावर येतो.

या भारातून सुटण्याचा सोपा मार्ग म्हणजे ‘ती सगळी अफवा होती’ असे शेवटी उघड करणे. तो घेऊ नये. नायक छंदीफंदी होता असे पहिल्या पानावर सांगितले असेल, तर तो खरोखर तसा होता. त्याने कोणाचे नुकसान केले, त्या व्यक्तीला नाव द्यावे, घर द्यावे, आणि निदान एक प्रसंग तिच्या दारात घडवावा. पैशाचा हिशेबही नेमका असावा. त्या समाजात जुगारातले देणे हे प्रतिष्ठेचे देणे समजून तातडीने फेडले जाई आणि शिंप्याचे, चांभाराचे, घोडागाडी बांधणाऱ्याचे बिल वर्षानुवर्षे तुंबे. शिवाय नायक स्वतः उमराव असेल तर दिवाणी कर्जासाठी त्याला अटक होऊ शकत नव्हती, पण धाकट्या मुलांना हे संरक्षण नव्हते. पोशाखाच्या बाबतीत साऱ्या लंडनला धडे देणारा ब्रमेल १८१६ मध्ये कर्जापायी रातोरात फ्रान्समधल्या कॅले गावी पळाला, ही ताजी आठवण १८१८ मधल्या प्रत्येक क्लबात होती. व्हायकाउंट असलेला आपला नायक अटकेच्या भीतीने कधीच सुधारणार नाही, कारण कायदा त्याच्या बाजूचा आहे. शिंप्याच्या दुकानाला टाळे लागले ते आपल्यामुळे, हे त्याने स्वतः जाऊन बघायला हवे. आणि हे त्याने हेस्टरने होकार देण्याआधी करावे, तिला न सांगता करावे, आणि ते तिला तिसऱ्याच कोणाकडून कळावे.

तो तिच्याकडे वळतो कसा

क्लबातल्या पैजेच्या वहीत मित्राशी पैज लावून तो तिला नाचायला नेतो, ही सुरुवात इतकी वापरली गेली आहे की वाचक ती दुसऱ्याच पानावर ओळखतो. शिवाय पैज उघडी पडण्याचा प्रसंग मग कथेच्या दोन-तृतीयांशावर ठरलेलाच असतो. यापेक्षा त्याला तिची खरी गरज लागावी. तिने खुर्चीतून काहीतरी पाहिले आहे, उदाहरणार्थ त्याच्या धाकट्या बहिणीशी कोण सलगी करतो आहे, आणि ते तिच्याशिवाय कोणालाच माहीत नाही. त्याला माहिती हवी आहे. तिला बोलणे जमत नाही. इथून त्यांचे नाते सुरू झाले की पहिल्या भेटीपासून तिच्या पाहण्याला किंमत येते.

आता नाच. जुन्या पद्धतीचा कंट्री डान्स या कथेसाठी वॉल्ट्झहून कितीतरी उपयोगी आहे, आणि याचा पुरेसा फायदा फार थोडे जण घेतात. पुरुषांची एक आणि स्त्रियांची एक अशा समोरासमोर दोन लांब रांगा असतात. वरच्या टोकाची जोडी नाचत खाली येते आणि तिचा फेरा आपल्यापर्यंत पोहोचेपर्यंत बाकीच्या जोड्या उभ्या राहतात. बहुधा दोन नाचांसाठी एकत्र मागणी केली जाई, म्हणजे साधारण अर्धा तास तोच जोडीदार, आणि त्यातला बराच वेळ नुसते उभे राहून काढायचा. बुजऱ्या मुलीला याहून मोठी परीक्षा नाही, कारण पावले पाठ असतात पण संभाषण पाठ नसते. हा अर्धा तास लेखकाने घाईने उरकू नये. तो असा लिहिता येईल :

“मघापासून तुम्ही काय मोजता आहात, मिस फेन?”

“मेणबत्त्या.” शब्द निसटला आणि परत घेता येईना.

“किती झाल्या?”

“मधल्या झुंबरातल्या चार वाकल्या आहेत. खाली त्या निळ्या शालीतल्या बाई उभ्या आहेत ना, त्यांच्या खांद्यावर मेण ठिबकतंय. त्यांना कुणी सांगितलेलं नाही.”

त्याने वर पाहिले, मग बाईंकडे पाहिले. फेरा दोन जोड्यांवर आला होता. तो रांग सोडून गेला, बाईंच्या कानाशी वाकून काही बोलला, त्यांना हाताने बाजूला घेतले आणि धावत परत आला तेव्हा त्यांची पाळी चुकली होती व साऱ्या रांगेचा ताल बिघडला होता.

“आता सगळे आपल्याकडे बघताहेत,” ती म्हणाली.

“माझ्याकडे,” तो म्हणाला. “तुम्ही मोजत राहा.”

यात प्रेमाचा शब्द नाही, स्पर्शही नाही. तिने पाहिले आणि त्याने त्यावरून काहीतरी केले, एवढेच घडले. या जोडीच्या प्रणयाचा प्रत्येक टप्पा याच रीतीने पुढे न्यावा. दुसऱ्या दिवशी त्याने घरी येऊन विचारपूस करणे अपेक्षित असते. या भेटीला मॉर्निंग कॉल म्हणत, ती होई दुपारी, आणि पाव तासाहून फार लांबत नसे. हाइड पार्कमध्ये संध्याकाळी पाचच्या सुमारास उघड्या गाडीतून फेरी मारता येते, कारण तिथे साऱ्या जगाचे लक्ष असते. एकाच रात्रीत दोनदा नाचले तर चालते, तिसऱ्यांदा नाचले तर लोक लग्नाची तारीख विचारू लागतात. वाङ्निश्चयाआधी दोघांनी पत्रव्यवहार करणे निषिद्ध होते. पुस्तके मात्र उसनी देता येत, आणि पुस्तकात पान दुमडून ठेवता येते. अशा बंधनांना अडचण समजू नये. दोन माणसांना एकान्त मिळायला आठ प्रकरणे लागली, तर नवव्यात नुसता हातमोजा काढणेही पुरते.

मराठीत लिहिताना : तू आणि तुम्ही

इथे मराठीला इंग्रजीपेक्षा मोठी सोय आहे. तिथे सर्वांना एकच यू, आणि जवळीक दाखवायची तर मिस फेनवरून हेस्टरवर येणे हाच काय तो मार्ग. आपल्याकडे तू आणि तुम्ही आहे, आणि ते कोणी, कोणाला, कुठल्या पानावर म्हटले याची लेखकाने वेगळी यादी करून ठेवावी. माझा सल्ला असा की नाव आधी मोकळे व्हावे आणि ‘तुम्ही’ टिकून राहावे. ‘हेस्टर, तुम्ही दमलात’ या वाक्यात जी माया आहे ती ‘तू दमलीस’मध्ये नाही. पहिले ‘तू’ सबंध पुस्तकात एकाच जागी, दोघांच्याही तोंडी, एकाच प्रसंगात यावे. तो तिला तू म्हणतो आणि ती त्याला लग्नानंतरही तुम्हीच म्हणते, असे ठेवले तर नकळत आपल्या जुन्या वाड्यातला संसार लंडनमध्ये जाऊन बसतो. याच कारणासाठी ‘अहो’ अजिबात नको. नायकाच्या सुधारणेचे मापही इथेच मिळते. तिसऱ्या प्रकरणात तो शिंप्याला ‘अरे’ म्हणतो आणि विसाव्यात ‘तुम्ही’ म्हणतो. इंग्रजी लेखकाला हा फरक एका शब्दात दाखवता येणार नाही.

पदव्यांचे भाषांतर करू नये. सरकार, महाराज, राणीसाहेब असे शब्द आले की वातावरण तत्काळ संस्थानी होते. लॉर्ड, लेडी, व्हायकाउंट हे शब्द वाचकाला ठाऊक आहेत. घरातली थोरली अविवाहित मुलगी नुसती मिस फेन असते आणि धाकटी मिस हेस्टर फेन. थोरलीचे लग्न झाल्याच्या दिवसापासून धाकटी मिस फेन होते. हेस्टरला हे नाव थोरल्या बहिणीच्या लग्नामुळे मिळाले, की तिला ओलांडून धाकटीच लग्न करून गेली, याने घरातल्या जेवणाच्या टेबलावरचे मौन बदलते.

होकार

तिच्या भीतीचे मूळ कारण कायद्यात होते, आणि ही बाजू कथेत आणणारे लेखक मला नेहमीच जवळचे वाटतात. इंग्लंडच्या सामान्य कायद्याप्रमाणे लग्नानंतर पत्नीची रोकड, दागिने, मिळकत नवऱ्याची होई. तिच्या जमिनीचे उत्पन्नही त्याच्या हाती जाई. मुलांवर हक्क बापाचा. १८५७ पूर्वी पूर्ण घटस्फोट हवा तर पार्लमेंटकडून स्वतंत्र कायदा करून घ्यावा लागे आणि तो खर्च फार थोड्यांना झेपे. विवाहित स्त्रीच्या मालमत्तेचे कायदे आले ते १८७० आणि १८८२ मध्ये. जुगारी, देणेकरी माणसाला हो म्हणताना हेस्टर पुढच्या चाळीस वर्षांचा पट पणाला लावते आहे. ती थांबते, पुन्हा विचारते, रात्रभर झोपत नाही, यात भित्रेपणा कुठला?

यावर त्या काळातला उपाय लग्नाआधीचा करारनामा हा होता. वकील बसून मुलीच्या नावाने विश्वस्तनिधी करीत, तिचा हातखर्च ठरवीत, वैधव्यात तिला काय मिळेल ते लिहून घेत. बहुतेक कथांत हे दारामागे उरकते. मी ते कथेच्या मध्यभागी आणेन. नायकाने स्वतः होऊन तिचा पैसा आपल्या हाताबाहेर ठेवणारी अट मागावी, वकिलाने चष्म्यावरून त्याच्याकडे पाहावे, आणि तो कागद हेस्टरने शेवटच्या ओळीपर्यंत वाचावा. एरवी जी मोजत राहते तिला इथे खरोखर काहीतरी मोजायला मिळते. वाचकाला हा प्रसंग कोरडा वाटेल अशी भीती बाळगू नये. मागच्या दहा प्रकरणांत त्याच्या देण्यांचे आकडे दिले असतील, तर हा प्रसंग चुंबनापेक्षा जास्त पोहोचेल.

बदनामीच्या भीतीने लादलेले लग्न, म्हणजे दोघे बागेत एकटे सापडले आणि आता गत्यंतर नाही, ही युक्ती या जोडीसाठी मला अपायकारक वाटते. तिचा होकार हीच या कथेतली सर्वांत मोठी घटना असताना ती परिस्थितीच्या हाती का द्यावी? वाङ्निश्चय झाल्यावरही स्त्रीला मागे फिरता येई. पुरुषाला ते प्रतिष्ठेने करता येत नसे आणि वचनभंगाचा दावा त्याच्यावर होऊ शके. हा अधिकार तिच्या हातात शेवटच्या रविवारपर्यंत राहू द्यावा. लग्नाचे तपशील थोडक्यात : १७५३ च्या कायद्यानुसार चर्चमध्ये तीन रविवार घोषणा, किंवा बिशपचा परवाना, आणि विधी सकाळी आठ ते बारा यांच्या दरम्यान. कँटरबरीच्या आर्चबिशपच्या विशेष परवान्याने स्थळकाळाचे हे बंधन सुटे. परवान्याने लग्न करणाऱ्या एकवीस वर्षांखालील मुलीला वडिलांची संमती लागे, आणि ती टाळणारे स्कॉटलंडच्या हद्दीतले ग्रेटना ग्रीन गाठत, कारण हा कायदा तिथे लागू नव्हता. हेस्टरचे वय मी बावीस ठेवेन. तिच्या वतीने हो किंवा नाही म्हणणारा दुसरा कोणी उरू नये.

शेवटच्या प्रकरणात पुन्हा एकदा नाचघर यावे, आणि तिथे तिने सर्वांसमोर झळकावे असा मोह लेखकाला होईल. त्याऐवजी त्या समाजाचा एक नियम वापरता येतो. विवाहित स्त्री, मग ती बावीस वर्षांची का असेना, दुसऱ्या मुलीची सोबतीण म्हणून बसू शकते. हेस्टर भिंतीकडच्या त्याच रांगेत येऊन बसेल. शेजारी पहिल्याच हंगामातली एक मुलगी पंख्याशी चाळा करीत असेल. तिची अजून कोणाशी ओळख झालेली नाही, आणि ओळख करून देण्याचा अधिकार आता हेस्टरकडे आहे.